काउंटचा उजवा पाय

धाकट्या लार्मिएचा जीव गेला तो जागेवरून. जमिनीची नव्हे, नाचातली जागा. कार्निव्हलच्या बॅलेमध्ये नाचणाऱ्यांच्या शेवटच्या आकृतीत राजाच्या खुर्चीसमोर कोणी उभं राहायचं, एवढाच वाद होता. बाहेरच्या माणसाला हसू येईल. पण पॅरिसच्या दरबारात ज्यांचं सगळं आयुष्य राजाची नजर आपल्यावर पडते की शेजाऱ्यावर, एवढ्यावर अडलेलं असायचं, त्यांना हसू येत नसे. ते तलवार काढत.

त्या सकाळी जुन्या चेंडूघरात, सरदारांच्या चेंडू खेळायच्या दालनात, तालीम चालली होती. थंडीने खिडक्यांच्या काचा आतून गोठल्या होत्या. गास्पार वेर्दिए हा नृत्यमास्तर काउंट द मोर्नाकला युद्धदेव मार्सची पावलं शिकवत होता आणि गास्पारचा धाकटा भाऊ ब्लेझ भिंतीला टेकून व्हायोलिन वाजवत होता. काउंट चांगला नाचायचा. माणूस म्हणून तो कवडीमोलाचा होता, पण पाय मात्र त्याला देवाने हात सैल सोडून दिले होते. गास्पारला याचाच राग यायचा. मार्सचं प्रत्येक पाऊल, प्रत्येक उडी त्याने स्वतः रचली होती, स्वतःच्या अंगावर घासून पुसून बसवली होती. आणि बॅलेच्या दिवशी तो पडद्यामागे उभा राहणार होता. देवांची सोंगं सरदारांची. गास्पारसारख्याला फार तर माकडाचं किंवा दारुड्याचं काम मिळायचं, आणि तेसुद्धा राजा कुणाशी तरी बोलण्यात गुंतलेला असताना.

"खांदा, सरकार. खांदा खाली," गास्पार म्हणाला. "मार्स लढाईला निघालाय, थंडी वाजतेय म्हणून आखडलेला नाही."

"तुझी जीभ आखडली तर बरं होईल," काउंट हसत म्हणाला आणि त्याने खांदा खाली घेतला.

तेवढ्यात दार ढकलून धाकटा लार्मिए आत आला. वीस-एकवीसचा पोरगा, धावत आल्यामुळे लाल झालेला. त्याने टोपीसुद्धा काढली नाही.

"मोर्नाक, राजासमोरची जागा तुम्ही घेतलीत म्हणे. ती आमच्या घराण्याची आहे. माझे वडील तिथे नाचलेत."

"नाचले असतील," काउंट म्हणाला. "पण तुझे पाय पाहिले की ते खरंच तुझे वडील होते का, अशी शंका येते."

भिंतीजवळ उभे असलेले काउंटचे नोकर फिदीफिदी हसले. लार्मिएच्या चेहऱ्यावरचा लाल रंग गेला. त्याने तलवार काढली. द्वंद्व खेळणाऱ्याचं मुंडकं उडवायचं, असा राजाचा हुकूम होता आणि तो चौकाचौकात वाचून दाखवलेला होता. तो दोघांनाही ठाऊक होता.

झटापट फार चालली नाही. काउंट नाचासारखाच लढायचा, मोजूनमापून, घाई न करता. त्याने पोराला दोनदा मोकळं सोडलं, तिसऱ्यांदा त्याच्या बरगड्यांत पातं घातलं. पोरगा गुडघ्यावर आला. तेवढ्यावर भागलं असतं. पण काउंट पातं ओढून घ्यायला जवळ गेला आणि त्या पोराने, तोंडातून रक्त येत असताना, खालून आपली तलवार काउंटच्या उजव्या मांडीत घुसवली. चांगली वीतभर आत गेली. काउंट असा ओरडला की वरच्या तुळयांवरची कबुतरं उडाली.

मग त्याने जे केलं ते पाहून गास्पारने तोंड फिरवलं. काउंटने पोराला लाथेने उताणं पाडलं, त्याच्या छातीवर गुडघा रोवला आणि कमरेचा खंजीर काढला. पोरगा "नको, नको" म्हणत होता. त्याने काउंटची बाही धरली होती. काउंटने आधी बाहीत अडकलेलं त्याचं बोट कापलं आणि मग गळा.

व्हायोलिन केव्हाच थांबलं होतं.

"तुम्ही दोघांनी काय पाहिलंत?" काउंटने विचारलं. तो भिंतीचा आधार घेऊन उभा होता आणि त्याच्या पांढऱ्या मोज्यातून रक्त बुटात उतरत होतं.

"काही नाही, सरकार," गास्पार म्हणाला. "आम्ही इथे नव्हतोच."

"मी होतो," ब्लेझ म्हणाला. "पडलेल्या पोराला मारलंत तुम्ही. हात जोडत होता तो."

"गप बस, ब्लेझ!"

"का गप बसू, दादा? डोळे फुटलेत का माझे?"

काउंटने नुसती मान हलवली. गोबेर नावाचा त्याचा धटिंगण नोकर पुढे आला, त्याने ब्लेझच्या हातातलं व्हायोलिन घेतलं आणि त्याच्याच तोंडावर फोडलं. दोन दात फरशीवर पडले. ब्लेझ वाकला तसा दुसऱ्याने त्याच्या पाठीत लाथ घातली. गास्पार मध्ये धावला, तर त्याच्या मानेवर तलवारीची मूठ बसली आणि त्याला फरशी डोळ्यांसमोर आलेली दिसली. तिच्यावर लार्मिएचं रक्त पसरत होतं आणि गास्पारच्या गालाला लागलं तेव्हाही ते ऊन होतं.

"ऐक, मास्तर," काउंट त्याच्या वर उभा राहून म्हणाला. "रविवारी बॅले आहे. मी नाचलो नाही, तर सगळा दरबार विचारणार की मोर्नाक का नाचला नाही. लंगडलो, तर विचारायचीही गरज नाही. म्हणून माझ्या मुखवट्यात तू नाचशील. आपली उंची सारखीच, बांधाही सारखाच. शेवटच्या आकृतीआधी मी येईन, मुखवटा घेईन आणि राजाला मुजरा करायला मी जाईन. तेवढं चालता येईल मला."

"आणि ब्लेझ?"

"तो माझ्याकडे राहील. तू नीट नाचलास की सोमवारी घरी. आणि एक पाऊल जरी चुकलं, तर त्याला नदीत शोध." काउंट कण्हत हसला. "पण तू चुकणार नाहीस. तुम्हा लोकांना राजासमोर नाचायला मिळालं तर सख्ख्या आईलाही विकाल तुम्ही. उलट माझे आभार मान."

ते ब्लेझला गोणीसारखं उचलून घेऊन गेले. गास्पारला सगळ्यात जास्त लाज याची वाटली की काउंटचं शेवटचं वाक्य ऐकताना त्याच्या छातीत काहीतरी खरोखरच उडालं होतं.

धाकट्या लार्मिएचं प्रेत दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या चिखलात सापडलं. त्याचा थोरला भाऊ स्वतः जाऊन घेऊन आला. काउंटच्या नोकरांनी घाईत एक चूक केली होती: पोराची तलवार तशीच म्यानात सरकवली होती, पुसली नव्हती. थोरल्या लार्मिएने ती उपसली, तर टोकापासून वीतभर रक्त वाळलेलं. म्हणजे ज्याने मारलं त्यालाही भोक पडलेलं होतं, आणि तो कुठेतरी या दरबारातच हिंडत होता.

त्या आठवड्यात थोरला लार्मिए फार प्रेमळ झाला. भेटेल त्याला कडकडून मिठी मारायचा, पाठीवर थापा मारायचा, गप्पा मारता मारता दंड दाबायचा, मांडीवर हात आपटून हसायचा. लोक आधी चकित झाले आणि मग ज्यांना कळलं ते घाबरले. त्याला फक्त मोर्नाक सापडेना. मोर्नाक पडशाने अंथरुणाला खिळला होता म्हणे.

शुक्रवारी दिवेलागणीला गास्पार पाव घेऊन घरी चालला होता, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी थोरल्या लार्मिएच्या माणसांनी त्याला गाठलं. त्यांच्या हातांत जाड काठ्या होत्या. सरदार माणूस सामान्याशी तलवारीने बोलत नाही, त्याच्या अब्रूला शोभत नाही. काठीने बोलतो.

"माझा भाऊ मोर्नाकला भेटायला निघाला होता," थोरला लार्मिए म्हणाला. तो घोड्यावरच बसून होता. "तू मोर्नाकला शिकवतोस. तो कसा चालतोय?"

"पडसं झालंय त्यांना, सरकार. मी पाहिलेलं नाही."

पहिली काठी बरगड्यांवर बसली. पाव चिखलात गेला.

"चालतो कसा?"

"सरळ चालतात."

मग त्यांनी त्याला मारलं. भिंतीला लावून मारलं, खाली पडल्यावर मारलं, कुत्र्याला मारतात तसं मारलं. शेजारपाजारच्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. गास्पार दोन्ही हातांनी पाय झाकून घेत होता आणि मनात एकच म्हणत होता: पाय नको, बाकी काहीही मोडा, पाय नको. सांगून टाकावंसं त्याला दर फटक्याला वाटलं. मोर्नाक, चेंडूघर, उजवी मांडी. बस, एवढंच बोलायचं होतं. पण बोलला असता, तर रात्रीच्या आत ब्लेझ नदीत असता. त्याने दातांत बाही धरली.

"याला काही माहीत नाही," शेवटी थोरला लार्मिए कंटाळून म्हणाला. "आणि मास्तर, रविवारी राक्षसांचा सरदार मी आहे आणि मोर्नाक मार्स. लाकडी तलवारी का असेनात, मी तपासून बघेन."

घोडा पावावरून गेला.

रविवारी राजवाड्याच्या मोठ्या दालनात इतक्या मेणबत्त्या लावल्या होत्या की बायकांच्या चेहऱ्यांवरची पावडर घामाने फाटत होती. मंचाच्या मागच्या अंगाला ढगांचं यंत्र होतं: दोरखंड, चाकं आणि रंगवलेला कापडी ढग, ज्यात बसून शेवटी देवता खाली यायच्या. त्या यंत्राच्या आडोशाला काउंट स्टुलावर बसला होता. ब्रँडी पिऊन पिऊन त्याचे डोळे काचेसारखे झाले होते. मांडीला घट्ट पट्टे आवळलेले होते आणि त्याच्या अंगाला जखमेचा आंबट वास येत होता. तिथून मंच दिसत नव्हता. काउंट कुणाला दिसू नये म्हणूनच ती जागा निवडली होती, पण मग त्यालाही काही दिसणार नव्हतं.

"ब्लेझ कसा आहे?" गास्पारने काउंटचा सोनेरी कोट चढवताना विचारलं.

"माझ्याच स्वयंपाकघरात बसून सूप पितोय. तुझ्यापेक्षा बरा आहे. तुझ्या तोंडाचं काय झालंय हे?"

"पडलो."

"बरं झालं, मुखवटा आहे," काउंट म्हणाला.

मुखवटा एकदा चढला की आतल्या माणसाचं नाव कुणी घ्यायचं नाही, त्याने बोलायचं नाही आणि मुजऱ्याला मुखवटे उतरेपर्यंत कुणी त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. तेवढा वेळ तो माणूस नसतो, देव असतो. दरबाराचा हा नियम थोरला लार्मिएसुद्धा मोडणार नव्हता. गास्पारने मुखवटा घातला. आतून त्याला काउंटच्या अत्तराचा आणि जुन्या घामाचा वास आला. वादकांनी मार्सची धून धरली, आणि तो उजेडात गेला.

खरं सांगायचं तर तिथे पोचेपर्यंत तो भीतीने अर्धमेला झाला होता. मोडलेली बरगडी प्रत्येक श्वासाला टोचत होती. पण पहिली उडी घेतली आणि पाय हवेत एकमेकांना लागून सुटले, तसं सगळं दुखणं खाली राहिलं. ही पावलं त्याची होती. तो ती काउंटच्या पायांत घालत आला होता, आपली लेकरं दुसऱ्याच्या घरी ठेवावीत तशी. आज पहिल्यांदा ती आपल्या घरी आली होती. तो तिरपा सरकला, वळला, थांबला, आणि तो थांबला तेव्हा अख्खं दालन त्याच्याबरोबर थांबलं. राजाच्या खुर्चीकडून शाबासकीची काठी आपटल्याचा आवाज आला. मग टाळ्या फुटल्या. मुखवट्याच्या आत गास्पार रडत होता आणि हसत होता. त्या सगळ्या वेळात त्याला ब्लेझ एकदाही आठवला नाही.

तो पडद्यामागे आला. पाणी हवं होतं. दोरखंडांपाशी गोबेर उभा होता, एका हातात पेला, दुसऱ्या हातात कोंबडीची तंगडी. गास्पारने मुखवटा वर सारला, पेला घेतला आणि खाली बघत प्यायला. आणि खाली बघता बघता तो थांबला.

गोबेरच्या पायांत ब्लेझचे बूट होते. एका बुटाला पितळी बक्कल, दुसऱ्याला लोखंडी. ती लोखंडी बक्कल गास्पारनेच स्वतःच्या हाताने शिवून दिली होती.

"हे बूट..."

"झकास आहेत ना?" गोबेर म्हणाला. तो चांगलाच प्यालेला होता. "थोडे आवळतात. तुझ्या भावाची पावलं बायकांसारखी लहान."

"तो अनवाणी बसलाय? या थंडीत?"

गोबेरने तंगडी चघळत त्याच्याकडे पाहिलं, आणि दारूच्या नादात तो बोलून गेला. "त्याला आता कसली थंडी, मास्तर. त्याच दिवशी गिरणीच्या पुलावरून सोडला त्याला. फार शिव्या देत होता. हात बांधलेले होते, तरी बराच वेळ वर येत होता, बरं का. चिवट होता." मग त्याला आपण काय बोललो ते कळलं. तो ओशाळा हसला. "सरकारांना सांगू नकोस हां मी बोललो म्हणून. तुझं काम मात्र लई भारी झालं. राजाने काठी आपटली!"

गास्पारने पेला त्याच्या हातात परत दिला.

म्हणजे तो काठ्या खात होता तेव्हा ब्लेझ मेलेला होता. दातांत बाही धरून तो ज्याला वाचवत होता तो केव्हाच गाळात पडलेला होता. आणि आत्ता, टाळ्या पडत असताना, त्याला, गाढवाला, आनंद होत होता. गास्पारला स्वतःच्या त्या आनंदाचीच सगळ्यात जास्त चीड आली. त्याला गोबेरचा गळा तिथल्या तिथे दाबायचा होता. पण बाहेर ढोल सुरू झाले होते, मार्स आणि राक्षसांच्या लढाईचे. त्याने मुखवटा खाली ओढला आणि हातात लाकडी तलवार घेतली.

राक्षसांचा सरदार मंचाच्या मध्यावर उभा होता. हिरवा मुखवटा, दाढीला घोड्याचे केस. नाचातली लढाई ठरलेली होती: तलवारी तालावर एकमेकींना लागायच्या, अंगाला नाही. थोरल्या लार्मिएने पहिल्याच वळणाला ताल सोडला आणि मार्सच्या डाव्या दंडावर तलवार हाणली. जोरात. गास्पार हलला नाही. दुसऱ्या वळणाला उजव्या दंडावर. तरी नाही. प्रेक्षकांत कुणीतरी हसलं; त्यांना तो नाचच वाटला. तिसरा वार बरगड्यांवर आला, शुक्रवारच्या काठ्यांच्या बरोबर वर. गास्पारच्या डोळ्यांपुढे काळोख झाला. ओरड घशापर्यंत आली. त्याने ती गिळली, कारण बरगडी त्याची स्वतःची होती आणि त्याला काउंटची जखम दाखवायची होती.

तो फिरला आणि मुद्दाम उजवी बाजू मोकळी सोडली.

एक क्षण त्याच्या मनात आलं की हे करू नये. एवढं सगळं दालन, राजा समोर, आयुष्यात पुन्हा कधी नाही. शेवटची मोठी उडी अजून बाकी होती आणि ती त्याच्याइतकी चांगली पॅरिसमध्ये कुणालाही येत नव्हती. ती घेतली असती, तर लोकांनी नातवंडांना सांगितलं असतं. काउंटच्या नावाने का असेना.

लाकडी तलवार उजव्या मांडीवर बसली.

गास्पार ओरडला. जसा काउंट चेंडूघरात ओरडला होता, अगदी तसा. तो गुडघ्यावर कोसळला, मांडी दोन्ही हातांनी धरून उठला आणि पुढची पावलं लंगडत टाकू लागला. ताल त्याने सोडला नाही. उजवा पाय ओढत, दर ठोक्याला खांदा झोकत, भोक पडलेल्या माणसासारखा तो सगळ्या मंचावरून फिरला. उडीची जागा आली तेव्हा त्याने उडी घेतली नाही. नुसता पाय उचलायचा प्रयत्न करून तो खाली टेकवला. दालनात चिटपाखरू हललं नाही. बायकांच्या हातांतले पंखेसुद्धा थांबले.

आकृतीत दोघं पाठीला पाठ लावून उभे राहिले तेव्हा हिरव्या मुखवट्यातून कुजबुज आली. "सापडलास. तोंडावरचं ते उतरलं, की आपण बोलू."

तो यंत्राच्या आडोशाला आला तेव्हा काउंट उभा राहून पट्टे चाचपत होता. "काय झालं? एकदम गप्प का झाले सगळे? आणि ओरडलं कोण?"

"राक्षस ओरडला, सरकार. मार्सने पाडला त्याला."

"आणि टाळ्या?"

"टाळ्यांचं भानच राहिलं नाही कुणाला," गास्पार म्हणाला. "असं कुणी आजपर्यंत पाहिलंच नव्हतं."

काउंटने त्याच्याकडे नीट पाहिलं. क्षणभर तो दचकला होता. पण नृत्यमास्तर राजासमोरचा स्वतःचा नाच आपल्याच हाताने नासवेल, हे त्याच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. जागेसाठी माणसं मारणाऱ्याला जागा सोडून देणारा माणूस कसा कळणार? त्याचे ओठ हसले. "सांगितलं नव्हतं तुला? आभार मान माझे."

"मानतो, सरकार."

गास्पारने स्वतःच्या हातांनी त्याला सोनेरी कोट घातला. स्वतःच्या हातांनी मुखवटा त्याच्या तोंडावर बसवला आणि मागे फिती बांधल्या. सुरगाठ मारायची असते, एका झटक्यात सुटावी म्हणून. त्याने पक्की गाठ मारली, वर आणखी एक मारली आणि थुंकीने ओली करून आवळली.

"जा, सरकार. राजासमोरची जागा तुमची आहे."

शेवटच्या आकृतीत सगळे देव आणि राक्षस दोन अंगांनी आले. काउंट पट्ट्यांच्या आणि ब्रँडीच्या जोरावर चालत गेला, चांगला चालला, आणि ज्या जागेसाठी त्याने पोराचा गळा कापला होता तिथे जाऊन थांबला. सगळ्यांनी मुजऱ्यासाठी मुखवटे काढले; देव संपले, माणसं उरली. थोरल्या लार्मिएनेही काढला. काउंटने हात मागे नेला, फीत ओढली. ती सुटेना. त्याने पुन्हा ओढली. लोक बघत होते: सगळ्या दरबारात एकच माणूस तोंड दाखवत नव्हता.

"उतरव," थोरला लार्मिए म्हणाला.

काउंट दोन्ही हातांनी गाठीशी झगडत होता. थोरल्या लार्मिएने लाकडी तलवार दोन्ही मुठींत धरून त्याच्या उजव्या मांडीवर घातली. ती मोडली. काउंटची किंकाळी मुखवट्याच्या आत घुमली, आणि राजाच्या खुर्चीसमोर, सगळ्यांच्या देखत, पांढऱ्या रेशमी मोज्यावरून लाल ओघळ उतरला. हे रक्त नाचातलं नव्हतं. काउंट पळायला वळला आणि त्याच पायावर दुमडून पडला.

"तो हात जोडत होता का रे?" थोरला लार्मिए त्याच्या अंगावर बसून विचारत होता. "बोल ना! हात जोडत होता? बोट का कापलंस त्याचं?"

मुखवट्यातून काहीतरी आवाज आला. लार्मिएने तलवारीचा मोडका, चिरफाळलेला भाग मुखवट्याच्या हनुवटीखाली लावला आणि वर दाबला. लाकूड ते, पोलादासारखं सरळ जाईना. त्याला अंगाचा भार टाकावा लागला, उपसून पुन्हा घालावा लागला. काउंटच्या टाचा फळ्यांवर बराच वेळ आपटत राहिल्या.

राजाने हात वर केल्याशिवाय वाद्यं थांबवायची नाहीत, असा नियम होता आणि राजाने हात वर केला नव्हता. त्यामुळे व्हायोलिनं वाजत होती. नाचणाऱ्यांनाही आकृती मोडायची हिंमत होईना. कुणी थरथरत होतं, एक म्हातारा सामंत कोपऱ्यात ओकत होता, पण पावलं चालू होती. आणि मग शेजारचा देव, त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, हळूच दोन पावलं सरकला, काउंटचा हात ओलांडून गेला आणि राजासमोरच्या रिकाम्या जागेवर उभा राहिला. राजाचा हात वर झाला तो त्यानंतर.

गास्पारने हे सगळं दोरखंडांमधून पाहिलं. त्याला वाटलं होतं बरं वाटेल. बरं वाटलं नाही. त्याने वळून गोबेरला शोधलं. गोबेर भिंतीला पाठ लावून तोंड उघडं टाकून उभा होता, मालकाकडे बघत.

"बूट काढ," गास्पार म्हणाला.

"मास्तर, मी नोकर माणूस, मला जे सांगितलं..."

गास्पारने यंत्राच्या चाकाचा लोखंडी दांडा उचलून त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज संगीतातही ऐकू आला. दुसरा वार दुसऱ्या गुडघ्यावर. मग खाली बसून त्याने दोन्ही बूट काढून घेतले, काखेत धरले आणि मागच्या दाराने बाहेर पडला.

ब्लेझ सापडला तो गिरणीच्या खालच्या अंगाला, चाकाच्या फळ्यांत अडकलेला. गिरणीवाल्याने त्याला कुत्रं समजून आकड्याने बाजूला सारलं होतं. गास्पार कमरेएवढ्या बर्फाळ पाण्यात उतरला, त्याने भावाच्या हातांचे दोर कापले आणि त्याला पाठीवर घेऊन वर आणलं. बूट घालायला गेला तर पाय सुजलेले होते. चढेनात. तेव्हा मात्र तो तिथे चिखलात बसून गुरासारखा ओरडला.

थोरल्या लार्मिएला पहाऱ्याखाली नेलं. काउंटसाठी कुणी रडलं नाही. गोबेरचं कुणी ऐकलं नाही. लंगड्या नोकराची गोष्ट कोण ऐकतो? मार्सच्या मुखवट्यात कोण होतं, हे कुणाला कधी समजलं नाही. आणि ईस्टर उलटायच्या आत गास्पारला एका बड्या वाड्यातून बोलावणं आलं.

घरचा तरुण सरदार, एक मार्की, आरशासमोर उभा होता, गुलाबी तोंडाचा, प्रसन्न. दोन मित्र खुर्च्यांत पसरले होते.

"ये, मास्तर. तू मोर्नाकला शिकवायचास ना? मेला बिचारा, पण काय नाचला! ते शेवटचं, पाय ओढत जायचं पाऊल, आठवतंय? सगळा दरबार तेच करतोय सध्या, आणि कुणालाच जमत नाही. खोटं दिसतं. मला खरं हवंय. राजाच्या नजरेत भरलं पाहिजे. शिकवशील?"

"ते शिकवता येतं, सरकार," गास्पार म्हणाला. "कोट काढा."

मार्कीने उत्साहाने कोट काढला, पाय बाहेर वळवून उभा राहिला आणि आरशात स्वतःकडे बघून हसला. मास्तरच्या हातात ताल धरायची काठी असते, जाड, खाली पितळी टोपण असलेली. गास्पारने ती दोन्ही हातांत धरली, मागे नेली आणि सगळ्या ताकदीने त्याच्या उजव्या मांडीवर घातली.

मार्की किंचाळत खाली पडला. मित्र तलवारी शोधू लागले, बाहेरून नोकरांची धावपळ ऐकू आली. गास्पार पळाला नाही. काठी फरशीवर टेकवून तो वाट बघत उभा होता.

"उठा, सरकार," तो म्हणाला. "आता चाला."